आंघोळबंदी

भनपुरीतल्या आमच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून मी एक काम फार नेटाने केलं. कामगारांच्या आंघोळी बंद केल्या.

कॉस्टिक सोड्याच्या पाइपलाइनजवळ आमच्याकडे आपत्कालीन शॉवर आहे. अंगावर रसायन उडालं की साखळी ओढायची आणि धो धो पाण्याखाली उभं राहायचं. रायपूरच्या मे महिन्यात पाळी सुटली की लोक साबण घेऊन तिथे रांग लावत. मी पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, त्याचं हँडल काढून माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवलं आणि शेजारी पाटी लावली, ‘फक्त आपत्कालीन वापरासाठी’. पाणीबचतीबद्दल वरून कौतुक झालं. मी शॉवरखाली उभं राहून फोटोही काढून घेतला, कोरडाठाक.

यवतमाळकडचा एक फिटर म्हणाला, “काहून साहेब, आता आंघोळीलेही परमिट लागते का?”

“लागतं,” मी म्हणालो. सगळे हसले. मला वाटलं, माझ्या विनोदाला हसले.

जूनमध्ये त्याच फिटरला पाइपचा गळका जोड बदलायला पाठवलं. लाइन रिकामी असल्याच्या परमिटवर माझी सही होती. लाइन रिकामी केलीही होती, खालच्या वळणात थोडं उरलं होतं. ते वाकून बघणं माझं काम होतं, पण बाहेर ऊन फार होतं. त्याने बोल्ट सैल केले आणि उरलेलं कॉस्टिक हातमोज्याच्या आत शिरलं. ते आधी दुखत नाही, साबणासारखं बुळबुळतं. दुखू लागेपर्यंत कातडी गेलेली असते.

त्याने साखळी ओढली. पाणी आलं नाही. त्याने पुन्हा ओढली.

मी हँडल आणायला पळालो. जुडग्यात ड्रॉवरची किल्ली लवकर सापडेना. परत आलो तेव्हा बाकीचे लोक पिण्याच्या पाण्याचे कॅन त्याच्या हातावर रिकामे करत होते.

अपघाताच्या अहवालात कारणाचा रकाना असतो. मी लिहिलं, ‘कामगाराने आपत्कालीन शॉवरचा वापर केला नाही.’ त्याखाली त्याची सही लागत होती. काही आठवड्यांनी तो आला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नव्हती. त्याने शांतपणे वाचलं.

“बरोबर लिवलं साहेब तुमी,” तो म्हणाला. “नाहीच वापरला मी.”

डाव्या हाताने तो एकेक अक्षर काढत सही करू लागला. कागद हलत होता, म्हणून मी तो दोन्ही हातांनी दाबून धरला.