वळचणीला उभं राहून

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, छत्रीबाग मोहल्ल्यात माझं कान तपासायचं क्लिनिक आहे. पण ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यापेक्षा, ज्यांना नको तितकं ऐकू येतं त्यांचेच किस्से माझ्याकडे जास्त साठलेत.

रिसेप्शनवरच्या जोशीकाकूंपासून सुरुवात करते. मी आत पेशंटला विचारते, "त्रास कधीपासून आहे?" उत्तर पडद्यापलीकडून येतं, "दिवाळीपासून! मला सांगितलंय त्यांनी."

एकदा मी वैतागून त्यांना म्हटलं, "काकू, याला इंग्रजीत ईव्हस्ड्रॉपिंग म्हणतात. ईव्हस् म्हणजे वळचण. छपराचं पाणी जिथे ठिबकतं, तिथे भिंतीला लागून उभं राहायचं आणि घरातलं बोलणं ऐकायचं. त्यावरून शब्द आला."

काकू शांतपणे म्हणाल्या, "मग मी नाही त्यातली. मी तर पंख्याखाली बसते."

टेस्टसाठी काचेची बंद खोली आहे. आवाज आला की बटण दाबायचं. जवळच्या हातोद गावच्या एका आजींनी बटणाला हातच लावला नाही.

"आजी, आवाज आला नाही?"

"आला की. पण काचेतून सूनबाई बघतेय ना! मला ऐकू येतं हे कळलं, तर घरात सबका बोलणं बंद होईल."

काकूंची हार मी एकदाच पाहिली. त्यांच्या गल्लीत भाऊराव आणि दामूअण्णा समोरासमोर राहतात. दोघांची उमर कापड मिलमध्ये गेली. मागांच्या खडखडाटात कान गेले, पण ओठ वाचायची सवय राहिली. दोघं आपापल्या ओट्यावर बसून आवाज न काढता तासन्‌तास गप्पा मारतात.

"काय बोलतात, काही पत्ताच लागत नाही हो," काकू अगदी रडकुंडीला आल्या होत्या.

मागच्या महिन्यात भाऊरावांना त्यांचा मुलगा घेऊन आला. भाऊराव काचेच्या खोलीत बसले, मी टेस्ट सुरू केली. मुलगा काचेसमोर माझ्याशेजारी उभा होता.

"मॅडम, बंगलोरला नोकरी लागलीये. नाही म्हणून कळवतोय. बाबांना इथे अकेला कसा सोडू? त्यांना सांगू नका, प्लीज."

भाऊरावांनी एकदाही बटण दाबलं नाही. ते मुलाकडेच बघत होते.

टेस्ट संपल्यावर बाहेर आले, सावकाश चपला घातल्या आणि मुलाला म्हणाले, "नाही कशाला कळवतोस? हो म्हण. माझ्याशी बोलायला दामू आहे ना सामने."