जज्जसाहेबांची साफ केलेली मुलाखत

रेडिओवर नटांशी आणि दिग्दर्शकांशी गप्पा मारायचा त्याचा कार्यक्रम इतकी वर्षं चालला, की ऐकणारे म्हातारे झाले आणि त्यांची मुलं ऐकायला लागली. तरी त्याचं खरं नाव कुणाच्या लक्षात राहत नसे. स्टेशनात सगळे त्याला कात्री म्हणत. फितीच्या जमान्यात तो ब्लेडनं फीत कापून चिकटवायचा, तेव्हापासूनचं हे नाव. पुढे कॉम्प्युटर आला, ब्लेड गेलं, नाव राहिलं.

माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. आपल्याकडे आलेला पाहुणा रेडिओवर मूर्ख वाटता कामा नये, एवढा एकच त्याचा नियम. खोकला, ‘म्हणजे म्हणजे’, चुकलेली नावं, मध्येच आलेला फोन, सगळं तो रेकॉर्डिंगमधून काढून टाकायचा. या कामाला तो साफसफाई म्हणायचा. एका नायिकेनं एकच वाक्य पाच तऱ्हांनी बोलून पाचही वेळा घोळ घातला, तर हा दोन वाक्यांचे बरे अर्धे घेऊन एक धड वाक्य करायचा. पाहुणे स्वतःपेक्षा शहाणे वाटायचे आणि साहजिकच त्यांना हा माणूस फार आवडायचा.

गप्पा मात्र खऱ्याच रंगायच्या. पडण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या एका विनोदी नटानं त्याला सांगितलं होतं, की पडताना चेहरा अगदी शांत ठेवायचा; ओरडलं की लोकांना काळजी वाटते आणि काळजी वाटली की कुणी हसत नाही. शेवटचा प्रश्न ठरलेला: एकच सिनेमा पुन्हा बघता येणार असेल तर कुठला? बहुतेक जण थोडे आढेवेढे घेऊन स्वतःचाच सिनेमा सांगायचे. तेवढं मात्र कात्री कधी कापत नसे.

आपला जोड कुणाला ऐकू येत नाही, हा त्याचा अभिमान. एखादा जोड खटकला तर घरी गेल्यावर त्याला जेवण जात नसे. बायको म्हणायची, “माझंही अर्धं बोलणं तू कापूनच ऐकतोस. नाहीतर डाळ आणायला सांगितलेली इतक्यांदा कशी विसरला असतास?”

तर या कात्रीकडे एकदा जज्जसाहेब आले. हे खरे न्यायाधीश नव्हेत. सिनेमात जन्मभर न्यायाधीशाची कामं केलेला हा चरित्र नट. खुर्चीत बसून निकाल वाचायचा आणि घरी जायचं. भाजीवालासुद्धा त्यांना जज्जसाहेब म्हणायचा. बरीच वर्षं ते पडद्यावर दिसले नव्हते. सोबत त्यांची बायको होती. स्टुडिओच्या कोपऱ्यात मांडीवर पिशवी घेऊन बसली.

सुरुवात झकास झाली. जज्जसाहेब म्हणाले, की निकाल देताना ते आरोपीकडे कधी बघत नसत, टेबलावरच्या पेनाकडे बघत. आरोपीकडे बघितलं की प्रेक्षकाला निकाल आधीच कळतो. कात्री खूश झाला. मग आवडत्या सिनेमाचा प्रश्न आला आणि तिथे गाडी अडली. लहानपणी पाहिलेला कृष्णधवल सिनेमा. तुरुंगातून सुटलेला बाप घरी येतो, लहान मुलगी दार उघडते आणि म्हणते... जज्जसाहेब थांबले. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा दारापाशी येऊन थांबले. कोपऱ्यातून बायको हळूच म्हणाली, “बाबा घरी नाहीत.”

“हां. बाबा घरी नाहीत,” ते म्हणाले, आणि तो बाप काही न बोलता पायपुसण्यावर नुसते पाय पुसत राहतो, हे त्यांनी इतकं सुंदर सांगितलं, की कात्रीच्या अंगावर काटा आला. त्यानंतर मात्र सगळी मुलाखत तशीच झाली. ते अडायचे, ती पुरवायची, ते पुढे जायचे.

रेकॉर्डिंग संपल्यावर जज्जसाहेब हात धुवायला गेले, तेव्हा तिनं कात्रीला पॅसेजमध्ये गाठलं.

“भाऊजी, एक मागते. हे आहे तसंच लावा.”

“म्हणजे, वहिनी?”

“अडखळणं काढू नका. अजून फोन येतात कामासाठी. मी गुडघ्याचं निमित्त सांगून सांगून थकले. डॉक्टर सांगतात, मी सांगते, यांना पटत नाही. यांना वाटतं, मीच यांना घरी बसवलं. एकदा सगळ्यांच्या कानावर जाऊ दे, यांच्याही.”

कात्री म्हणाला, “बघतो.”

बघतो म्हणणाऱ्यानं काय करायचं ते तेव्हाच ठरवलेलं असतं. मशीनपुढे बसल्यावर त्याचा हात राहिना. एवढ्या मोठ्या नटाला असं लोकांसमोर अडखळू द्यायचं? आपण त्यांची अब्रू राखतोय, असं त्यानं स्वतःला सांगितलं. खरं एवढंच, की जोड लपवायची इतकी अवघड परीक्षा त्याला कधी मिळाली नव्हती. प्रत्येक अडखळणं त्यानं काढलं, कोपऱ्यातला बायकी आवाज तर मुळापासून काढला. मुलाखत अशी वाहती झाली, की ऐकताना त्याची मान ताठ झाली.

कौतुकाचा पूर आला. त्यातच एका दिग्दर्शक बाईंचा फोन. त्यांच्या सिनेमात न्यायाधीशाचं लांबलचक भाषण होतं आणि ते त्यांना कॅमेरा न थांबवता, एका दमात चित्रित करायचं होतं. त्यांनी सरळ विचारलं, “या वयात ते खरंच असे सलग बोलले?”

हा प्रश्न म्हणजे आपला जोड ऐकू आला नाही याची पावती. कात्रीच्या तोंडून निघून गेलं, “सलगच. मुरलेला माणूस आहे.”

चित्रीकरणाला बाईंनी त्यालाही बोलावलं. एका दिवाणखान्याचं कोर्ट केलं होतं. काळा कोट चढवून जज्जसाहेब उंच खुर्चीत बसले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांची बायको भिंतीशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. कात्रीनं नमस्कार केला. तिनं मान हलवली, पण बघितलं नाही.

पहिल्या वेळी ते चौथ्या वाक्याला अडकले. होतं असं, म्हणाले सगळे. दुसऱ्या वेळी दुसऱ्याच वाक्याला. मग पहिल्याच. मागे कुणीतरी नाकातून हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, “साहेब, आपण तुकड्यातुकड्यांनी घेऊ.”

जज्जसाहेबांचा चेहरा लाल झाला. “मला तुकडे नकोत. रेडिओवर मी तासभर बोललो. तो बघा, तो बसलाय. विचारा त्याला, एकदा तरी अडकलो का?”

सगळ्यांच्या माना कात्रीकडे वळल्या. प्लास्टिकच्या खुर्चीतून तिनं पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

“नाही, साहेब,” कात्री म्हणाला.

मग पुन्हा कॅमेरा सुरू झाला. जज्जसाहेबांनी सवयीनं नजर टेबलावरच्या पेनावर लावली. ती तिथेच राहिली. निकाल नाही, वाक्य नाही, काहीच नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली आणि अगदी नम्रपणे विचारलं, “मी कुणाचं काम करतोय?”

लाइटवाल्यानं आपण होऊन मोठा दिवा विझवला. भिंतीजवळून ती उठली, पिशवी खांद्याला अडकवली, पुढे गेली आणि सगळ्यांच्या देखत नवऱ्याच्या कोटाची एकेक गुंडी सोडू लागली. कात्रीला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. तो जिन्यानं खाली आला आणि कुणाचा निरोप न घेता घरी गेला. बायकोनं विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, बरं झालं. तेही खोटंच.

पुढच्या रविवारी तो त्यांच्या घरी गेला. पायच नेत नव्हते, पण गेला. दार वहिनींनी उघडलं. आतून त्याचा स्वतःचाच आवाज येत होता, शेवटचा प्रश्न विचारणारा.

“रोज लावतात,” ती म्हणाली. “शूटिंगचं काही आठवत नाही. हे मात्र रोज नवं. ऐकतात आणि मला म्हणतात, बघ, मी ठणठणीत आहे, तू माझ्यावर डूख धरलास. काल शेजारणीसमोर खोटारडी म्हणाले.”

“वहिनी, मी...”

“माफी बिफी नको, भाऊजी. माझ्यानं सांगून होत नाही. तुमच्यावर त्यांचा विश्वास बसेल. तुम्ही सांगा.”

कात्री आत जाऊन बसला आणि त्यानं सांगितलं. कुठे अडकलात, किती वेळ गप्प होतात, कुठल्या वाक्याचं शेपूट कुठल्या वाक्याला लावलं. मुलाखतीत वहिनी मागून शब्द पुरवत होत्या, तो त्यांचा आवाज कसा काढला. सांगताना त्याची नजर सतरंजीवर होती. जज्जसाहेबांचा चेहरा हळूहळू खाली आला, खांदे खाली आले.

“म्हणजे ही खोटं बोलत नव्हती,” ते म्हणाले.

“नाही, साहेब. खोटं मी बोललो.”

त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग कात्रीकडे वळून, एका जुन्या कारागिरानं दुसऱ्याला म्हणावं तसं म्हणाले, “पण जोड कुठे कळला नाही हो. फार नामी काम.” त्यात टोमणा नव्हता. उभ्या आयुष्यात अशी शाबासकी कात्रीला कुणी दिली नव्हती, आणि ती घेताना त्याला मान वर करता येईना.

वहिनींनी चहा आणला. कप अर्धा व्हायच्या आत जज्जसाहेबांनी शेजारचा मोबाइल उचलला. चेहरा खुलला. “अहो, ही माझी मुलाखत ऐकलीत का? तासभर बोललोय. एकदा तरी अडकलो का, सांगा. आणि ही बया म्हणते...”

ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली.

कात्रीनं कप खाली ठेवला. “अडकलात, साहेब,” तो म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगू लागला. चार वाक्यं झाली नसतील, तोच तो चेहरा मघासारखाच खाली येऊ लागला, जसं काही ते हे पहिल्यांदाच ऐकत होते. या वेळी कात्रीनं सतरंजीकडे पाहिलं नाही.