श्रावणचं मॅट्रिकचं सर्टिफिकेट

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. माझ्या बाकी सगळ्या खोडी तिला पाठ आहेत, पाहुण्यांसमोर ती त्या रंगवून सांगतेही—पण ही नाही. कितीदा सांगायला बसलो आणि उठलो. पाणी पितो, दाराची कडी पाहून येतो, पुन्हा बसतो, पुन्हा काहीतरी काम आठवतं. तुम्ही परके नाही आणि घरचेही नाही. तुमच्यापुढं कदाचित जमेल.

आधी माझी कीर्ती ऐकून घ्या. अमरावतीला कचेरीसमोर, कडुनिंबाखाली, टेबल टाकून मी टायपिंग करायचो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं आणि सगळ्यात जास्त म्हणजे सर्टिफिकेटांच्या नकला. नोकरीच्या अर्जाला अस्सल कागद कोणी जोडत नसे. नक्कल जोडायची, आणि अस्सल दाखवून तिच्यावर साहेबाची सही-शिक्का घ्यायचा. सही-शिक्का नसला तर ती नक्कल म्हणजे नुसता रद्दी कागद.

तर या धंद्यात माझं नाव होतं. कागद जपावा तर या बाबूजींनी, असं लोक म्हणायचे. पोरांना मी दटावून सांगायचो—अस्सल कोणाच्या ताब्यात सोडून जाऊ नका, नक्कल होईपर्यंत समोर उभे राहा, एक नक्कल घरी ठेवा, दुसरी दुसऱ्या गावी. माझ्या स्वतःच्या कागदांच्या नकला अकोल्याला बहिणीच्या पेटीत असायच्या. लोकांनी वाखाणलं की मी मान खाली घालायचो. त्यांना तो विनय वाटायचा. वाटू दिला मी—काय करणार होतो?

ही अक्कल आली कुठून, ते कोणी विचारलं नाही.

सत्तावन्न-अठ्ठावन्नचा सुमार असेल. धंद्यात मी तेव्हा नवा होतो, पण मिजास जुन्या माणसाची. भातकुलीकडून एक पोरगा आला, श्रावण नावाचा. बाप मजुरी करायचा. घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती, आणि त्या घरातला पहिला मॅट्रिक हाच. अकोल्याला एका सरकारी खात्यात कारकुनाची जागा निघाली होती, सोमवारी मुलाखत होती. सर्टिफिकेट त्यानं दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून, वर धुतलेल्या धोतराचा तुकडा गुंडाळून आणलं होतं. पुठ्ठे स्वतःजवळ ठेवून कागद तेवढा मला देताना म्हणाला, "बाबूजी, जपजा बरं. आमच्या घरात हे एवढंच हाय."

तो समोरच उभा राहिला. मीच त्याला हाकललं. डोक्यावर उभा राहू नको, मले सुचत नाही, जा, संध्याकाळी ये. गेला बिचारा. दुपारी एकदा येऊन गेला, झालं का विचारून. मी मान वर न करता हात हलवला, म्हणजे जा.

नकला तोवर टाइप झाल्या होत्या. मी दुसऱ्याच कोणाचा अर्ज घेतला होता आणि श्रावणचं सर्टिफिकेट टेबलावर उघडंच पडलं होतं. टाइप करताना मशीनचा वरचा भाग डावीकडे सरकत जातो. म्हणून चहाचा पेला डावीकडे ठेवायचा नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी ठेवला होता. ओळ संपता संपता धक्का लागला, आणि भरलेला पेला त्या कागदावर.

इथपर्यंत चूकच आहे हो. चूक कोणाच्याही हातून होते, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. कागद गेलाच होता, शाई सगळी पसरली होती, काही उरलं नव्हतं—हेही सांगत आलो. आणि ते खोटं आहे. उरलं होतं. नाव पसरलं होतं, पण वाचता येत होतं. वरचा नंबर कोरडा होता, बोर्डाचा शिक्का कोरडा होता. सही करणारे साहेब मला ओळखायचे. श्रावणसोबत जाऊन, साहेब, माझ्या हातून सांडलं, एवढं म्हटलं असतं तर त्यांनी रागावून का होईना, पण सही केली असती. मग का नाही गेलो? लाज वाटली. नव्या धंद्याला बट्टा लागेल असं वाटलं. एवढंच. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडत नाही.

मी तो कागद चुरगळला आणि चहावाल्याच्या शेगडीत घातला. चहावाला पाठमोरा होता.

संध्याकाळी श्रावण आला. मी नकला दिल्या. त्यानं त्या उलटून पाहिल्या, पुठ्ठे उघडले, आणि अस्सल कुठं म्हणून विचारलं. मी म्हटलं, "दुपारी आलता तेव्हाच तं तुह्या हातात देलं मी." आवाजही कापला नाही माझा. त्यानं पुठ्ठे पुन्हा उलटून पाहिले. मग खिसे चाचपायला लागला. शेजारचा स्टॅम्पवाला म्हणाला, बाबूजी कशाले खोटं बोलतील, तूच कुठंतरी पाडलं असशील, भैताडा. आणि माझ्या डोळ्यांदेखत, हळूहळू, त्या पोराच्या चेहऱ्यावर ते आलं—की हो, आपणच पाडलं असेल.

त्याच्या जागी एखाद्या वकिलाचा पोरगा असता तर मी हे म्हणालो असतो का? नसतो म्हणालो. हात जोडले असते. दोघांतलं कोणाचं खरं धरलं जाईल, हे मला तोंड उघडायच्या आधीच माहीत होतं.

आणखी आहे. मी त्याच्यासोबत शोधायला गेलो. कचेरीपासून मोटार स्टँडपर्यंत, मान खाली घालून, रस्त्याच्या कडेनं, नाल्यात डोकावत. राख झालेला कागद मी त्या पोरासोबत शोधत होतो. कोणासाठी करत होतो ते नाटक? त्याच्यासाठी की माझ्यासाठी?

सोमवारी तो अकोल्याला गेला. बिनसहीच्या नकला पाहून त्यांनी दारातूनच परत पाठवला. बोर्डाकडून दुसरी प्रत यायला बरेच महिने लागले, तोवर जागा भरली होती. पुढं तो एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायला लागला, असं कानावर आलं. त्यानंतर मी पोरांना समोर उभं करून नकला करू लागलो, आणि माझं नाव झालं.

खूप वर्षांनी, सासष्ट-सदुसष्टला असेल, तो पुन्हा आला. खांदे रुंद झाले होते. सोबत धाकटी बहीण, सुमन. ती मॅट्रिक झाली होती, तिच्या नकला करायच्या होत्या. वाटेत टायपिंगवाल्यांची रांग होती, ती सोडून तो माझ्याकडे आला. बहिणीला म्हणाला, "हेच ते बाबूजी. त्या दिवशी माह्यासंगं रस्ताभर हिंडले. कोन करते तेवढं?"

मी टाइप केलं. बोटं चुकत होती, कागद बदलावा लागला. ती दोघं समोर उभी होती. झाल्यावर मी अस्सल सर्टिफिकेट उचलून त्याच्यापुढं धरलं. त्यानं हात मागे घेतले.

"माह्या हाती नोका देऊ, बाबूजी," तो म्हणाला. "मी हरवतो. तिच्याजवळच द्या."

रागानं नाही, दुःखानंही नाही. आपलं नाव सांगावं तसं सांगितलं. सुमन हसली. म्हणाली, दादा तर मोटारीचं तिकीटसुद्धा माझ्याकडेच ठेवायला देतो, त्याचा स्वतःवर भरवसाच नाही. तोही हसला.

श्रावणच्या हातून कधी काही हरवलं नव्हतं. हे जगात एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस त्याच्यासमोर बसला होता. ती दोघं पुठ्ठ्यात कागद घालीत होती, दोरी बांधत होती. बोलायला पुष्कळ वेळ होता. मी सर्टिफिकेट सुमनच्या हातात दिलं होतं. मी मशीनमध्ये नवा कागद घातला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.