न उतरवलेला मांडव

“बांधलं काहीच नाही मी. उतरवलं नाही, इतकंच.”

विमा कंपनीचा माणूस पहिल्यांदा येऊन गेला त्या दुपारी गुंडोराव हे बोलले. माझ्या खोलीच्या दारात उभे होते. बोलून झाल्यावर त्यांनी वर छताकडे पाहिलं. तिथे ओलीचा एक तपकिरी डाग होता. ओळखीच्या माणसाकडे पाहावं तसे ते त्याच्याकडे पाहत राहिले.

मी तेव्हा मिरजेहून बदली होऊन मद्रासला आलेला रेल्वेचा कारकून. एग्मोर स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली होती. घर बैठं, वर गच्ची. घराणं तंजावरचं, मराठी जुन्या वळणाची, मध्येमध्ये तमिळ. “तुमची मराठी वर्तमानपत्रासारखी,” ते मला म्हणायचे. “आमची ताम्रपटासारखी. तुमची उद्या शिळी होणार, आमची वाचणारा कोणी उरला नाही.” हसायचे, पण ओठ मिटूनच.

बंदराजवळच्या एका जहाज कंपनीत ते नोकरीला होते. संध्याकाळी परत आले की कॉफी घेत आणि गच्चीवर जात. वर नारळाच्या झापांनी शाकारलेली एक खोली होती. समुद्रावरचा वारा सुटला की झापं वाजत. नवं रेशमी लुगडं नेसून कुणी खोलीत फिरत असावं, असा तो आवाज. खाली मी डोळ्यांपुढे पुस्तक धरून बसायचो, आणि वाचलेली ओळ पुन्हा वाचायचो.

ती खोली म्हणजे मुळात त्यांच्या एकुलत्या मुलीच्या, अंबुजाच्या, लग्नाचा मांडव. मी येण्याच्या कित्येक वर्षं आधी, अंगण अरुंद म्हणून गच्चीवर घातलेला. मुहूर्तमेढ मातीने भरलेल्या तेलाच्या डब्यात रोवली होती. मेढ म्हणून पांगाऱ्याची हिरवी फांदी लावायची, ही रीत त्यांच्या घरात तमिळ शेजाऱ्यांकडून आलेली. फरशीवर तांदळाच्या पिठाची रांगोळी आणि तिच्या कडेने कावेचे तांबडे पट्टे.

लग्नाच्या आदल्या दुपारी अंबुजा घराबाहेर पडली. गुंडोराव ओसरीवर हारवाल्याशी बोलत होते. ती त्यांच्या समोरून आली. चपला घातल्या, पदर सारखा केला आणि गेली. बाहेर निघालेल्याला ‘कुठे’ म्हणून विचारायचं नाही, अपशकुन होतो, हे आपल्याकडे पाळतात आणि तिकडेही. लग्नघरात तर जास्तच. “ओठांपर्यंत आलं होतं,” गुंडोराव एकदा म्हणाले. “गिळलं. शुभकार्य होतं ना.”

ती परतली नाही. दागिने पेटीत जसेच्या तसे होते. पोलीस झाले, नातलग झाले, विहिरी पाहून झाल्या. तिरुचीहून आलेलं वऱ्हाड पुढच्या गाडीने परत गेलं. मांडवाचं काय करायचं, हे विचारायला गुंडोराव शास्त्रीबुवांकडे गेले. कार्य झालं की देवक उठवतात, मांडव परततात. झालंच नाही तर? शास्त्रीबुवांनी पोथीवर हात ठेवला. “मांडव परतायचा तर आधी मांडवात काहीतरी घडावं लागतं,” म्हणाले.

म्हणून मांडव राहिला. पावसाची झड आत येई, रांगोळी भिजेल म्हणून बाजूंना चटया आल्या. चटया उडू लागल्या म्हणून कमरेइतकी विटांची भिंत आली. मग दार. संध्याकाळी परतणाऱ्याला वरचं दिसावं म्हणून विजेचा दिवा. दर उन्हाळ्यात मांडववाला सुब्बा येऊन जुनी झापं काढी आणि नवी घाली. बांधायचं असं त्यांनी कधी ठरवलंच नव्हतं. गोदाबाई, त्यांची बायको, लग्नाच्या आदल्या दिवसानंतर गच्चीवर चढली नव्हती. गल्लीत सगळे समजून चालले होते की आईच्या हट्टापायी मांडव ठेवला आहे. मीही तसंच समजत होतो.

दिवाळीत शेजारच्या अंगणातल्या लाकडांच्या वखारीवर बाण पडला आणि वखार जळाली. नुकसान पाहायला विमा कंपनीचे नारायणस्वामी आले. ते शेजाऱ्यांच्या गच्चीवर उभे राहून राख पाहत होते. मान वर केली तर समोर झापांचं छप्पर. याच कंपनीकडे गुंडोरावांच्या घराचा आगीचा विमा होता, आणि त्यांच्या कागदांत या घरावर मोकळी, चुनेगच्ची गच्ची होती.

ते तसेच इकडे आले. मी गुंडोरावांबरोबर वर गेलो.

“हे कधी बांधलंत, सार?”

“मांडव आहे.”

“भिंत आहे. दार आहे. वायर आणून दिवा लावलाय. मांडवाला दार असतं?”

“वारा येत होता.”

“कंपनीला कळवायचं नाही? वर झापं पेटली तर खाली घर राहील का?” नारायणस्वामींनी छत्री मिटून डब्यातल्या पांगाऱ्याकडे रोखली. फांदीने मूळ धरलं होतं, छपराला भोक पाडून ती वर गेली होती. “लग्न कधी झालं?”

गुंडोरावांनी उपरणं सारखं केलं. “व्हायचं आहे.”

नारायणस्वामींनी माझ्याकडे पाहिलं. मी रांगोळीकडे पाहिलं. ती कुणीतरी पुन्हापुन्हा गिरवलेली होती.

विमा रद्द झाल्याचं पत्र आलं. तेवढ्यावर भागलं नाही. घरावर ऑफिसच्या हाउसिंग सोसायटीचं कर्ज होतं, आणि कर्ज फिटेपर्यंत विमा चालू हवा अशी अट. सोसायटीने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. विमा सुरू करा, नाहीतर उरलेलं कर्ज एकरकमी भरा. तेवढी रक्कम त्यांच्याकडे नव्हती. म्हणजे घर जाणार.

नारायणस्वामी वाईट नव्हते. सोसायटीचं कळल्यावर स्वतःहून पुन्हा आले, ओसरीवर बसून पाणी प्याले. “सार, छप्पर काढा, मी येऊन पाहतो आणि चांगलं लिहितो. पॉलिसी पुन्हा मिळेल. माझ्याही बहिणीचं लग्न मोडलंय, मला समजतं.”

“मोडलेलं नाही,” गुंडोराव म्हणाले.

त्यानंतर ते ऑफिसातून आले की कॉफीही न घेता वर जाऊ लागले. छतातून त्यांची पावलं ऐकू यायची. कधी ते खाली उतरलेले असत आणि पावलं तरी चालतच. झापं वाजत असणार, असं मी स्वतःला सांगायचो.

महिना संपत आला. एका रविवारी सकाळी सुब्बा दोन गडी घेऊन दारात उभा. गुंडोराव ओसरीवर आले. “तुला कोणी बोलावलं? झापं बदलायला अजून अवकाश आहे.”

“अम्मांनी निरोप धाडला, सामी.”

आतून गोदाबाई आली. गुडघ्यावर हात ठेवत, एकेका पायरीवर श्वास घेत ती जिना चढली. आम्ही सगळे तिच्या मागे. वर पोचल्यावर तिने भिंत पाहिली, दार पाहिलं, दिव्याचं बटण वर-खाली करून पाहिलं.

“हं,” ती म्हणाली. “खाली माझ्या चुलीपाशी दिवा मागत्ये तर वर्ष झालं. इथं मुलीस उजेड पाहिजे.”

“गोदा, खाली चल.”

“कशास? मीही पाहते की मुलीचं घर. सगळी गल्ली म्हणते गोदाबाईचं डोकं फिरलं, तीच मांडव उतरू देत नाही. ऐकून घेतलं मी. तुमचं नाव सांगितलं नाही कोणास. पण आता राहतं घर जातंय.”

“ती आली आणि मांडव नसला तर?”

“यायची असली तर दारानं येईल.” गोदाबाईचा आवाज चढला नाही. “छपरावर येऊन बसायला ती कावळा आहे काय?”

सुब्बाच्या गड्याने तोंडातली विडी काढून कानामागे ठेवली.

“असं बोलू नये,” गुंडोराव म्हणाले.

“बोलले. आता सुब्बा, चढ वर.”

झापं एकेक करून खाली आली. गच्चीवर एकदम ऊन पडलं. रांगोळी त्या उन्हात इतकी लहान दिसली की मला आश्चर्य वाटलं. मावून मावून त्यात दोन पाट मावले असते. बांबू निघाले. भिंत फोडायला वेळ लागला नाही, विटा मातीतच बसवलेल्या. दिवा गोदाबाईने पदरात घेतला. गोदाबाईचा निरोप मिळून नारायणस्वामीही आले, आणि छत्रीच्या सावलीत उभे राहिले.

राहिला डबा. गड्यांनी तो हलवला, हलेना. तळ गंजून गेला होता, आणि पांगाऱ्याची मुळं चुन्यातून, विटांतून थेट खाली उतरली होती. माझ्या छतावरचा डाग कुठून आला ते मला तेव्हा कळलं.

“झाड छाटलं की झालं,” नारायणस्वामी म्हणाले.

सुब्बाने कोयता जमिनीवर ठेवला. “मी नाही, सामी. लग्नाची मेढ आहे. माझ्या घरातही मुली आहेत.” गडीही मागे सरले.

गोदाबाई पुढे होऊन वाकली, पण गुडघा वाकेना. तिचा हात कोयत्याच्या वीतभर अलीकडे राहिला. गुंडोरावांनी तो कोयता उचलला. फांदीवरचा हळदीचा धागा, इतक्या वर्षांनी पांढरा पडलेला, त्यांनी आधी नखाने सोडवला आणि कनवटीला लावला. मग घाव घातले. पांगारा मऊ असतो. चार-पाच घावांत तो आडवा झाला. ते उरलेला बुंधा पाहत उभे राहिले, नंतर नळावर जाऊन त्यांनी हात धुतले. पुन्हा धुतले.

ओसरीवर नारायणस्वामींनी कागद पुढे केला. गुंडोरावांनी सही केली. गोदाबाईने कॉफी आणून ठेवली.

“आता वर काही राहिलं नाही ना, सार?” नारायणस्वामींनी टोपण लावत विचारलं. “तसं मला लिहावं लागेल.”

गुंडोराव उठले. खुंटीवरचा शर्ट घातला, चपला पायात सरकवल्या, उपरणं सारखं केलं. वरून वारा आला. वाजायला काही उरलं नव्हतं. गोदाबाईचं तोंड उघडलं. माझंही उघडलं असेल. निघालेल्या माणसाला विचारायचं नसतं. ते आमच्या सगळ्यांच्या समोरून पायऱ्या उतरले आणि स्टेशनच्या बाजूला चालू लागले.