मांजरांच्या मागची पंगत

जगाच्या कल्याणासाठी एक अतिशय गंभीर गोष्ट आज मी जाहीर करते आहे. वाचकांनी घोटभर पाणी पिऊन घ्यावं, हळव्या मनाच्या मंडळींनी भिंतीला टेकून बसावं. गोष्ट अशी, की निजामाच्या राज्यात, बेंबळी मुक्कामी, चांगल्या खात्यापित्या घरची एकुलती एक सून असूनही मी सलग सहा वर्षं मांजरांच्या मागून जेवले. बरोबर नव्हे. मागून.

आमच्या घरचा क्रम ठरलेला होता. आधी पुरुष, मग पाच मांजरं, मग आत्याबाई, मग मी. हा क्रम घालून दिला होता खुद्द आत्याबाईंनी. त्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. विधवा होऊन माहेरी आल्या आणि माझ्या सासूबाई वारल्यावर घराच्या मुखत्यार झाल्या. उंच, हाडकुळ्या, कपाळाला विभूतीचे तीन पट्टे आणि त्या पट्ट्यांखाली दोन डोळे असे, की दूध उतू जाताना त्यांनी नुसतं पाहिलं तरी ते खाली बसावं. पुरुषांची ताटं उचलली की त्या जर्मनच्या पाच ताटल्या ओळीनं मांडत. त्यांत भाकरी कुस्करत आणि त्या दिवशी चुलीवर जे जे शिजलं असेल ते ते प्रत्येकीत घालत. वरण, कढी, भाजीचा रस्सा, ताकसुद्धा. मांजरं जेवली की आत्याबाई पान लावायला बसत आणि म्हाताऱ्या गाईसारख्या ते सावकाश चघळत. मी खांबाला टेकून पोटातल्या कावळ्यांची समजूत घालत असे. पान संपलं की त्या स्वतः चार घास खात, मग पुन्हा थांबत, आणि मग कधीतरी मला हुकूम सुटे. तोही मला नाही, चंद्री नावाच्या पांढऱ्या मांजरीला. “चंद्रे, सांग तिला. बस म्हणावं आता.”

कारण आत्याबाई माझ्याशी बोलतच नसत. जे काही सांगायचं ते चंद्रीला, आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “चंद्रे, भाकरीला कडेनं चिरा बघ कशा पडल्यात. पीठ मळलं व्हतं का नुसतं दाखवलं व्हतं?” “चंद्रे, झाडलंय म्हणं. कोपरे काय तुझ्या सासऱ्यानं झाडायचे?” लाडात आल्या की त्या मांजरांशी कन्नड बोलत. माझं माहेर कानडी मुलखातल्या आळंदकडचं, तेव्हा ती गोड भाषा मलाही चांगली कळत होती. पण सहा वर्षांत तिच्यातला एक शब्द माझ्या वाट्याला आला नाही. महिनाभर मी ऐकून घेतलं. मग मीही चंद्रीलाच उत्तरं देऊ लागले. “चंद्रे, आत्याबाईंना विचार, त्यांच्या हातची भाकरी चंद्रावर करतात का? तिच्यावरबी डाग असतात.” बिचारी चंद्री आमच्या मधोमध बसून एकदा इकडं, एकदा तिकडं पाहत असे. इतक्या भांडणांची वकिली तालुक्याच्या कचेरीतही कुणी केली नसेल.

आम्ही लिंगायत, धंदा भुसाराचा. दुकानाच्या मागं धान्याचं कोठार, कोठारात उंदीर, म्हणून मांजरं. हे कुणाही शहाण्या माणसाला कळावं. पण आत्याबाईंचं म्हणणं असं, की लिंगायताच्या घरातलं मांजर उंदराला तोंड लावत नाही. “नुसतं भ्या दाखवतंय. उंदीर लाजून जातोय.” त्यांचा लाडका बोका सुभेदार तर दुकानातल्या तराजूच्या पारड्यातच झोपायचा. गिऱ्हाईक ज्वारी घ्यायला आलं की मामंजी, म्हणजे माझे सासरे, हळूच म्हणत, जरा दम धरा, सुभेदार उठू देत. आणि भरल्या बाजाराच्या दिवशी माणसं खरंच दम धरत. तो उठून आळस द्यायचा, एकेका गिऱ्हाइकाकडं उपकार केल्यासारखं बघायचा आणि मग कुठं माप सुरू व्हायचं. खोटं का बोलू, ते बघायला मला आवडायचं. पण ते मी आत्याबाईंना कळू देणार होते थोडीच!

एकदा घरी जंगमस्वामी पूजेला आले. पूजा झाली, स्वामी आणि पुरुषमंडळी पाटावर बसली, मी तूप वाढत होते. तेवढ्यात सुभेदार तोंडात एक जिवंत उंदीर धरून डौलात आला आणि स्वामींच्या पाटाशेजारी त्यानं तो नजराणा ठेवला. स्वामींचे डोळे सुदैवानं मिटलेले होते. डोळ्याचं पातं लवायच्या आत आत्याबाईंनी त्या उंदरावर पातेलं पालथं घातलं आणि शेजारी बसून राहिल्या. पण उंदीर आतून धडपडत होता. पातेलं टिकटिक करत स्वामींच्या दिशेनं निघालं. आत्याबाईंनी त्यावर वरवंटा ठेवला, तरी ते डुलतच राहिलं. मी चंद्रीला गोड आवाजात विचारलं, “चंद्रे, पातेल्यात काय झाकलंय गं? स्वामींना वाढू का?” स्वामींनी डोळे उघडून पातेल्याकडं पाहिलं. आत्याबाईंची मुद्रा इकडची तिकडं झाली नाही. “दही लावलंय, स्वामी. जरा घाई करतंय,” त्या म्हणाल्या. स्वामी सज्जन होते, त्यांनी मान डोलावली. पुढं तीन दिवस आत्याबाई चंद्रीशीसुद्धा बोलल्या नाहीत.

तेव्हाच मी ठरवलं, की या घरात एकतर मांजरं राहतील नाहीतर मी. सुरुवात म्होरक्यापासून करायची. चैत्रात आम्ही नवराबायको देवीची ओटी भरायला बैलगाडीनं तुळजापूरला निघालो. सुभेदाराला मी पोत्यात घालून कडब्याखाली दडवलं. तो आतून असा गुरगुरत होता, की मला सबंध वाटभर खड्या आवाजात माहेरची गाणी म्हणावी लागली. आमच्या मालकांना वाटलं, बायको आज भलतीच खुशीत आहे. तुळजापुरात धर्मशाळेच्या मागं पोत्याचं तोंड सोडलं, देवीला हात जोडले आणि सुटले. आठ दिवस मी जेवत नव्हते, मेजवान्या झोडत होते. नवव्या दिवशी सकाळी सुभेदार ओसरीवर हजर. एक कान फाटलेला, अंगाचं नुसतं चिपाड झालेलं, पण चाल तीच. आत्याबाईंनी जावई आल्यासारखा त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्याला मांडीवर घेतलं, आणि माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या, “कुणी नेलं व्हतं रं बाळा तुला? ऱ्हाऊ दे, नाव सांगू नगस. घरात भांडान नगं.”

त्या दिवशी मला वाढायला त्यांनी दोन पानं खाण्याइतका वेळ लावला.

मग रझाकारांचं वर्ष आलं. गावोगावची माणसं निजामाच्या मोगलाईतून बाहेर पडून सरहद्दीपलीकडं बार्शीच्या हद्दीत जाऊ लागली. आमच्याही घरी गाड्या जुंपल्या. मला सहावा महिना होता. मामंजींनी दागिने, मापं, देव सगळं बांधलं, आणि आत्याबाई उंबऱ्यात बसल्या: मांजरं नाहीत तर मी नाही. मामंजींनी विनवण्या केल्या, मालक चिडले. आत्याबाई उठल्या, आणि जन्मात कोंबडीचं पीससुद्धा न शिवलेली ती बाई समोरच्या मुसलमान पिंजाऱ्याच्या दारात जाऊन कोंबड्या झाकायचं डालं मागून घेऊन आली. त्या वर्षी कुणी कुणाच्या दारात उभं राहत नव्हतं. पिंजाऱ्याच्या म्हातारीनं डालं दिलं, वर झाकायला एक फडकंही दिलं. चौदा कोस मी त्या डाल्याला पाठ लावून बसले. पाचही मांजरं माझ्या मानेत फिसकारत होती.

तिथल्या निर्वासितांच्या छावणीत मोठाल्या कढयांतून सगळ्यांचा एकत्र स्वयंपाक व्हायचा. रांगेत उभं राहायचं, पळीभर आमटी आणि दोन भाकरी घ्यायच्या. वाटलं, इथं तरी माझा नंबर वर सरकेल. कसला! आत्याबाईंनी माझ्या हातातली थाळी काढून घेतली, माझी भाकरी माझ्या आमटीत कुस्करून तिच्यातला वाटा मांजरांपुढं ठेवला आणि पानाची चंची सोडली. आजूबाजूची माणसं खवळली. एक बाई म्हणाली, लेकरं उपाशी आणि ही कैदाशीण मांजरं पोसतीय. दुसरीनं कपाळावर हात मारला. माझ्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तेव्हा मात्र मी चंद्रीला मधे घेतलं नाही. सगळ्यांदेखत आत्याबाईंना म्हटलं, “माझ्या पोटात माणूस हाय, आत्याबाई. मांजर न्हाय.”

त्यांनी मान वर केली नाही. सुपारी कातरत म्हणाल्या, “चंद्रे, सांग तिला. म्हणूनच थांब म्हणावं.”

मी ती थाळी लाथाडली आणि रडत जाऊन मालकांना सांगितलं, की घरी परतल्यावर वेगळी चूल मांडा, नाहीतर मी आळंदचा रस्ता धरते.  तेव्हा मालकांनी कारण सांगितलं. ते लहान असताना एकदा पुरुषांची जेवणं उरकली, आत्याबाई कोठारात गेल्या आणि त्यांच्या आईनं, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, चुलीशी उरलेली कढी-भाकरी खाल्ली. संध्याकाळी त्या गेल्या. मडक्याच्या तळाशी पाल निघाली. पुरुषांना वाढलेली कढी चांगली होती. मधल्या वेळात काय ते पडलं होतं. बायकांच्या वाट्याला येतं ते असं, चुलीशी तास तास राहिलेलं. त्यानंतर या घरात मांजरांना वाढून घटकाभर वाट पाहिल्याशिवाय कुठल्याही बाईनं घास घेतला नव्हता.

आता वाचकांना वाटत असेल, मी विरघळले, आत्याबाईंच्या गळ्यात पडले. छे! माझा संताप दुप्पट झाला. म्हणजे पाच वर्षं ही बाई मला राखत होती, आणि ते कळू नये म्हणून पाच वर्षं मला टोचून खात होती! मी तशीच तणतणत गेले. त्या डाल्याजवळ एकट्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, एवढं पालीचं भ्या हाय, तर मडक्यावर झाकण ठेवायचं. पाच मांजरं कशाला?

चंद्री तिथं नव्हती. कुठंतरी उंडारायला गेली होती. आत्याबाईंनी पहिल्यांदा आणि शेवटचं माझ्या तोंडाकडं बघून उत्तर दिलं.

“झाकण तवाबी व्हतं,” त्या म्हणाल्या, आणि उठून रांगेत जाऊन माझ्यासाठी दुसरी थाळी घेऊन आल्या. तिच्यातलंही आधी मांजरांना घातलं.

पोलीस ॲक्शन झाली, आम्ही बेंबळीला परतलो, मला मुलगी झाली. भांडणं पूर्ववत सुरू झाली. उलट मुलीच्या रूपानं आत्याबाईंना आणखी एक निरोप्या मिळाला. रांगणाऱ्या पोरीला त्या चंद्रीच्या शेजारी बसवून दोघींकडं एकदमच माझी गाऱ्हाणी सांगत. पोर हसायची. मीही काही कमी करत नव्हते. वेगळी चूल तेवढी मागितली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात दोन दिवसांच्या तापानं आत्याबाई गेल्या. जाताना माझ्यासाठी गोड शब्द, आशीर्वाद, गळ्यातली बोरमाळ वगैरे काही नाही. पोरीला जवळ ओढून एवढंच म्हणाल्या, की आईला सांग, कोठाराची कडी नीट लावत जा, ढोर हाय नुसती. आमच्यात माणूस जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही निजवून नाही, बसवून. मांडी घातलेली, हातात लिंग, अंगभर विभूती. आत्याबाई शेवटच्या पालखीत अशा ताठ बसल्या होत्या, की निघताना मला वाटलं, आता उंबऱ्यात थांबून चंद्रीला काहीतरी लावून बोलणार.

पुरुष माती देऊन परतले. घरात चूल पेटलेली नव्हती, म्हणून शेजारची तेलीणकाकू पिठलं-भाकरीची टोपली घेऊन आली. सकाळीच रांधलेलं होतं, पार गार झालेलं. ओसरीवर मामंजी गुडघ्यात डोकं घालून बसले होते. जंगमस्वामी होते, निम्मी गल्ली होती.  काकूनं पुरुषांची पानं वाढायला घेतली, तेव्हा मामंजींनी हात वर करून तिला थांबवलं. म्हणाले, आजपासून घरची थोरली बाई ही. आधी हिला वाढा. काकूनं भरलेलं ताट आणून माझ्यापुढं ठेवलं. ज्यासाठी मी इतकी वर्षं झुंजले ते पहिलं पान असं आयतं माझ्यापुढं आलं. मी घास मोडला. समोर भिंतीशी पाचही मांजरं ओळीनं बसली होती, सकाळपासून उपाशी. ओरडत नव्हती. माझ्या हाताकडं बघत होती. मांडीवरची पोर ताटाकडं झेपावली, तिची बोटं पिठल्याला लागणार, तेवढ्यात मी ताट दूर ढकललं, आणि स्वामी, सासरे, भरली गल्ली, कशाचीही लाज न ठेवता माझ्या तोंडून मोठ्यानं निघून गेलं:

“आधी त्या मेल्या मांजरांना वाढा! आत्याबाई बसलेल्याच हायत, उठून यायला येळ न्हाय लागायचा!”