तपासलेलं रक्त

मंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मला वाटलं, सांगणाऱ्याचं काहीतरी चुकतंय. आम्हा दोघी बहिणींत आधी जायची ती मी... घरात हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

आमचे दादा, म्हणजे वडील, निजामपुऱ्यात लूमवर कापड विणायचे. चाळिशी उलटली आणि त्यांचे हातपाय आपोआप हलू लागले. लोक बेवडा म्हणायचे. दारूला त्यांनी कधी हात लावला नव्हता. ते गेल्यावर मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, हे रक्तातून उतरतं, मुलींना आधीच तपासून कळेल. मी आणि धाकटी मंदा, दोघींनी एकाच दिवशी रक्त दिलं. तिच्यात ते नव्हतं. माझ्यात निघालं. आज नाही, पुढे होईल, कधी ते सांगता येत नाही, असं डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. बाहेर आल्यावर मंदा इतकी रडली की तिला मीच पाणी पाजलं. तेव्हा मला तिचा राग आला. रडणंसुद्धा तिनेच घेतलं.

त्यानंतर मंदाच्या हातून वाटी पडली की ती हसायची. माझ्या हातून पडली की आई माझ्या बोटांकडे बघायची. सांडू नये म्हणून मला चहा अर्धा कप मिळू लागला. मला पाहायला पाहुणे येणार होते, त्यांना आईनेच निरोप पाठवला, येऊ नका. मंदाचं लग्न अकलोलीकडे झालं, दोन मुली झाल्या. माहेरी आली की ती माझा कप ओढून काठोकाठ भरायची. सांडला तर सांडला, म्हणायची. तिला काय जातंय बोलायला, असं मला वाटे...

त्या सकाळी गवत कापताना तिच्या पायाला काहीतरी चावलं. तिची जाऊ म्हणाली, दवाखान्यात चल. मंदाने पाय धुतला, भारा डोक्यावर घेतला आणि म्हणाली, "मना काय व्हतंय गो? माजं रगत तपासलेलं हाय." तो साप होता. दुपारपर्यंत सगळं संपलं.

दहाव्याला आई माझ्या गळ्यात पडली. "ती तर चांगली व्हती गो," म्हणाली. आपण काय बोललो ते तिला कळलं नाही. मला कळलं. मला मंदाचा तेव्हाही हेवा वाटला, आजही वाटतो. एक दिवससुद्धा न घाबरता गेली.

तिची अर्धवट राहिलेली गोधडी सासरच्यांनी आमच्याकडे पाठवली. मंदा शिवायला बसली की सुईत दोरा माझ्याकडूनच ओवून घ्यायची. डोळे तर तिचे चांगले होते. माझा हात थरथरतो का ते बघते, असं वाटून एकदा मी सुई भिरकावली होती. ती जमिनीवर चाचपत म्हणाली, "मना नाय जमत ताई, खरंच."

काल मी गोधडी मांडीवर घेतली, दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला. मी मान वर केली... बघायला कोणी नव्हतं.