जीपवरचा हिरवा रंग

अक्का कोणाच्याही घरी गेल्या की आधी तिथल्या खेळण्यातल्या गाड्या पाहत, मग माणसं. बदली होऊन मी तंजावूरला त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो, तेव्हा फोनवरचं माझं मराठी ऐकून त्या जिना चढून आल्या. रसायनशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, वेणीत अबोलीचा गजरा. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे मराठी जुन्या वळणाचं आणि हेल तमिळ. माझं नाव विचारायच्या आत त्यांनी खोक्यातली प्लॅस्टिकची जीप उचलली आणि तिच्या पोटावर नखाने खरवडून पाहिलं.

"अय्यो, हा घराचा रंग हिला कोणी दिला?"

माझ्या वडिलांनी. खिडकीचे गज रंगवून उरलेला हिरवा ऑइलपेंट. सुटे भाग चिकटवून दादाने शाळेत असताना केलेली ती जीप, त्या जाड थराखाली दारांच्या रेषासुद्धा बुजून साबणाच्या वडीसारखी दिसत होती. दादाला नुकताच पक्षाघात होऊन गेला होता. उजव्या हातात जोर नव्हता आणि सांगितलेले व्यायाम तो करत नव्हता. पोंगलला तो माझ्याकडे येणार होता. त्याआधी जीप स्वच्छ करावी म्हणून मी नेलपॉलिश काढायचं द्रावण आणून ठेवलं होतं.

अक्कांनी ती बाटली पाहिली आणि प्लॅस्टिकचा चमचा मागितला. त्यावर थोडं द्रावण ओतलं. चमच्याचं पोट मऊ पडून खचलं.

"रंग जाईल," त्या म्हणाल्या, "गाडीही जाईल."

त्यांच्या मागच्या पडवीत फळीवर लॉऱ्या, बसगाड्या, मोटारी ओळीने उभ्या होत्या. कोणीतरी रंगवून बिघडवलेल्या या गाड्या त्या जुन्या बाजारातून आणत, रंग काढून पार मूळ प्लॅस्टिकपर्यंत नेत आणि मग नव्याने रंगवत. पण खरी गोडी त्यांना रंग काढण्याचीच. "हे भांडण नव्हे, पोरुमै पाहिजे," असं त्या सारखं म्हणत. पोरुमै म्हणजे धीर.

जीपच्या पोटावर त्यांनी आधी स्पिरिट लावून पाहिलं. रंग ढिम्म हलला नाही, तशा त्या खूश झाल्या. "हट्टी आहे. बरं झालं." मग कोपऱ्यावरच्या स्कूटर गॅरेजमधून ब्रेक ऑइल आणवलं, पोटावर लावून पाहिलं, प्लॅस्टिकला काही होत नाही अशी खात्री केली आणि हातमोजे घालून जीप डब्यात बुडवून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आला. त्याचा चहा व्हायच्या आत खालून हाक आली, "या लवकर, सुटायला लागला."

हिरव्या रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या होत्या. अक्कांनी दादाच्या उजव्या हातात मोजा चढवला आणि जुना दातांचा ब्रश दिला.

"तुमचीच गाडी ना? घासा."

"अक्का, त्याच्या त्या हातात..." मी म्हणालो.

"तुम्ही जाऊन कापी करा."

कॉफी घेऊन आलो तेव्हा अक्कांनी जीप धरली होती आणि दादा घासत होता. ब्रश निसटून पडला. अक्कांनी तो उचलून पुन्हा त्याच्या बोटांत दिला. परत पडला, परत दिला. रंगाची एक मोठी पापडी निघाली आणि खालून बारीक, सरळ रेघ दिसली.

"दार," दादा म्हणाला. "अरे, दार आलं."

मग बोनेटच्या खाचा आल्या, इवलीशी कडी आली. मीही आता त्या दोघांच्या डोक्यांमधून वाकून पाहत होतो. तेवढ्यात मागचा बंपर तुटून दादाच्या हातात आला. मी धसकलो. दादा चक्क हसला. "हा तेव्हाही तुटला होता."

"मग चिकटवणे तुम्हांस ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या.

साबणाच्या पाण्याने धुतलेली करडी जीप वर्तमानपत्रावर ठेवून दादाने विचारलं, "आणखी आहे का एखादी?"

तो आठवड्यासाठी आला होता, महिनाभर राहिला. हात पूर्ण बरा झाला नाही, पण ब्रश निसटेनासा झाला. पुढे तो दर पोंगलला येत राहिला, माझ्यापेक्षा पडवीसाठीच.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. फळीवरच्या गाड्यांचं काय करावं, हे त्यांच्या मुलीला सुचेना. दादा नाशिकहून आला आणि सगळ्या गाड्या खोक्यात भरून घेऊन निघाला. मी त्याला रेल्वेत बसवून दिलं. शेजारच्या प्रवाशाने खोक्याकडे पाहून काहीतरी विचारलं असावं. गाडी हलली तेव्हा दादाने एक बस बाहेर काढली होती आणि उजवा हात नाचवत तो त्या अनोळखी माणसाला अक्का कोण होत्या ते सांगत होता. मला हात करायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.